दोन ताडांच्या मधला डोंगर

मनोरीच्या कोळीवाड्यात सून म्हणून आल्यापासून कल्पिताने सासरच्या माणसांची मोजमापं पक्की करून ठेवली होती. सासरा रामचंद्र तांडेल बोलायचा कमी आणि लपवायचा जास्त. सासू सरूबाई बोलायची जास्त आणि लपवायची त्याहून जास्त. नवरा प्रितम काहीच लपवू शकत नसे, म्हणून एक गोष्ट सोडली तर घरात त्याला कुणी काही सांगत नसे. स्वतःचं मापही तिने काढलं होतं. चिकाटी भरपूर, धीर बेताचा, आणि कुणी पाठीवर थाप मारली की आठवडाभर पाठ ताठ.

तिला हौस फोटोंची. दर रविवारी ती फेरीबोटीने गोराईची खाडी ओलांडून बोरिवलीला चंद्रप्रकाश सरांच्या क्लासला जायची. क्लासचं यंदा प्रदर्शन होतं आणि विषय होता 'आपला डोंगर', म्हणजे बोरिवलीच्या मागे उभा असलेला कान्हेरीचा डोंगर. ज्याचा फोटो निवडला जाईल त्याची दरवाजाएवढी मोठी चौकट करून हॉलच्या मधल्या भिंतीवर लावणार, खाली नाव घालून. कल्पिताने त्या भिंतीवर आपलं नाव मनातल्या मनात कधीच लावून टाकलं होतं. आता फक्त वरचा फोटो काढायचा बाकी होता.

तिने डोंगराचे फोटो नेले, तेव्हा सरांनी ते बोटाने भराभरा सरकवले.

"हा डोंगर काय आधार कार्डावर लावायचाय?"

"का सर? सगळा आलाय की."

"सगळा आलाय, तेच तर दुखणं आहे. समोर उभा करून नाक-डोळे मोजल्यासारखा. त्याच्या पुढे काहीतरी दे गं. एखादं झाड, दोन झाडं. आपण खिडकीतून डोकावतोय असं वाटलं पाहिजे. चौकट दे त्याला, चौकट!"

कल्पिता चौकट शोधायला निघाली. बोरिवलीत झाड सापडलं की त्याच्यामागे टॉवर उभा, आणि टॉवर चुकवावा तर पुढ्यात मोबाइलचा मनोरा. एक आंब्याचं झाड छान मिळालं होतं, पण त्याच्या फांदीवर कुठल्याशा भावी नगरसेवकाचा वाढदिवसाचा फलक हसत होता. शेवटी तिच्या डोक्यात आलं की आपण डोंगराकडे उलट्या बाजूने, समुद्रातून बघावं. तिथून सगळ्या इमारती किनाऱ्याच्या झाडीमागे दडतात आणि डोंगर तेवढा वर निघतो. आणि किनाऱ्याच्या उंचवट्यावर दोन ताड आहेत, एकमेकांशी भांडण झाल्यासारखे वेगवेगळ्या बाजूंना झुकलेले.

"बाबा, मला होडीतून न्या ना एकदा," तिने रात्रीच्या जेवणावर विषय काढला. "एकच फोटो काढायचाय."

रामचंद्राचा घास हातातच राहिला. सरूबाई म्हणाली, "न्या की. पोरगी काय तुमची होडी खातेय?"

रामचंद्राच्या काचकूच करण्याला कारण होतं, आणि ते कोळीवाड्यात सगळ्यांना अर्धं अर्धं ठाऊक होतं. तांडेलांची समुद्रात एक खडप होती. खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. वरून बघणाऱ्याला नुसतं पाणी दिसावं, पण खाली कपारींत शेवंडं बसलेली आणि भोवती हेकरूसारखे महागडे मासे फिरताहेत. रामचंद्राच्या आजोबांना ती सापडली. तिची खूण बापाने मुलाला सांगायची, तीही जमिनीवर नाही, समुद्रात नेऊन. मुलीला सांगायची नाही, कारण ती खूण घेऊन सासरी जाते. सुनेला तर मुळीच नाही, कारण ती माहेर बरोबर घेऊन येते. आणि कल्पिताचं माहेर होतं मढचं. तिचा थोरला भाऊ विकी तिथे दोन दणकट इंजिनांच्या बोटी बाळगून होता, आणि त्याचा डोळा समुद्राच्या ज्या तुकड्यावर पडेल तिथे त्याचं जाळंही पडे.

प्रितमने एकदा सुचवलं होतं, "पप्पा, जीपीएसमध्ये टाकून ठेवूया ना."

"त्या डबीत टाकलेली जागा उद्या रिपेरवाल्याला कळते," रामचंद्र म्हणाला होता, आणि डबी आजतागायत खोक्याबाहेर आली नव्हती.

तर सुनेला न्यायचं, पण खडपीच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही, असं मनाशी ठरवून रामचंद्राने होडी काढली. सरांनी सांगितलेली वेळ दुपारची होती, कारण तेव्हा ऊन समुद्राकडून डोंगरावर पडतं. सरांनी आपली लांब पल्ल्याची लेन्सही दिली होती, आणि देताना तान्हं मूल परक्याच्या हातात देतात तशा सूचना केल्या होत्या. कल्पिता होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेपाशी, मांडी घालून बसली. मागे सुकाणूवर रामचंद्र. त्याने होडी खडपीपासून चांगली लांब, किनाऱ्याच्या जवळ नेऊन उभी केली आणि निर्धास्तपणे म्हणाला, "घे. काढ काय ते."

कल्पिताने कॅमेऱ्याला डोळा लावला.

"बाबा, ताड फार लांब-लांब उभे आहेत. डोंगर मधे एवढासा दिसतोय. जरा बाहेर घ्या."

रामचंद्राने होडी बाहेर घेतली. यात काय बिघडतंय?

"अजून बाहेर. हां, येताहेत जवळ. आता जरा उत्तरेला."

"उत्तरेला कशाला? तिथं वारा हाय."

"वारा फोटोत येत नाही, बाबा. घ्या ना!"

होडी उत्तरेला सरकली. आता रामचंद्राने सवयीने मान वर केली, किनाऱ्याकडे पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"बस झालं. पुढं पानी उथळ हाय," तो घाईने म्हणाला.

"आत्ताच तर म्हणालात, इथे खोल आहे म्हणून हात पाण्यात घालू नको."

"खोल बी हाय आन उथळ बी हाय. समुद्र हाय तो, तुजा हंडा नाय."

"थोडंच राहिलंय हो. डोंगराचा उजवा खांदा ताडाला टेकत आलाय. थोडं बाहेर... थोडं... बस! थांबा! हलू नका!"

इंजिन बंद झालं. कल्पिताच्या डोळ्यासमोर डावीकडे एक ताड, उजवीकडे दुसरा, आणि दोघांच्या मधोमध कान्हेरीचा डोंगर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, तसूभर कमी नाही की जास्त नाही. मापून शिवल्यासारखा. तिने खटाखट फोटो काढले आणि आनंदाने मागे वळली. रामचंद्र सुकाणूला धरून असा बसला होता, जणू कुणी त्याच्या कमरेच्या किल्ल्या सोडवून नेल्या आहेत.

"काय झालं बाबा? होडी लागते का तुम्हाला?" तिने थट्टा केली.

त्याने इंजिन सुरू करून होडी वळवली. परतताना अर्ध्या वाटेत एकच प्रश्न विचारला, "तू आधी ताड बगतेस का आधी डोंगर?"

"दोन्ही एकदम."

त्यावर धक्का येईपर्यंत त्याने तिच्याकडे दोनदा निरखून पाहिलं. खूण दाखवूनही प्रितमला बिचाऱ्याला ताड दिसत, डोंगरही दिसे, पण दोन्ही एकदम कधी दिसत नसत. तो दरवेळी खडपीवरून पुढे निघून जायचा आणि चिखलात पिंजरे सोडून यायचा. हे कल्पिताला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की सासरा गप्प आहे, आणि ते काही नवीन नव्हतं.

फोटो निवडला गेला. सरांनी फोनवर चक्क आरोळी ठोकली. "मधली भिंत तुझी! खिडकी उघडून डोंगर बघतोय असं वाटतंय गं!" कल्पिताने घरभर नाचून सगळ्यांना मोबाइलवर तो दाखवला. प्रितमने बघितला आणि ठसका लागल्यासारखा खोकत बाहेर गेला. रामचंद्राने मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"छान हाय," तो म्हणाला. "पन झाडं काढ."

"काय?"

"झाडं नको. नुसता डोंगर ठेव."

"बाबा, झाडांमुळेच तर निवडलाय!"

"मग एक ठेव. डावा ठेव, उजवा काढ. नायतर उजवा ठेव."

"अहो, पण का?"

आता का ते कसं सांगणार? कारण सांगावं तर खूण सांगितल्यासारखी होत होती. रामचंद्राने पुढच्या दोन दिवसांत एकापेक्षा एक कारणं काढली. ताड अपशकुनी असतो. ताड बघून लोक म्हणतील, घरात ताडी पितात. डोंगराला मोकळं वाटत नाही. शेवटचं कारण ऐकून सरूबाईसुद्धा म्हणाली, "डोंगर काय तुमच्याकडं तक्रार घेऊन आला?"

कल्पिता प्रितमकडे वळली. "झाडांत काय आहे रे?"

"मला आईची शपथ आहे," प्रितम म्हणाला, आणि आपण बोलून बसलो हे त्यालाही कळलं.

आता शपथ आहे म्हणजे काहीतरी आहे. कल्पिता फोटो समोर धरून बसली. डोंगरावर कुणाचा राग नाही, समुद्रावर नाही, आकाशावर नाही. राग झाडांवर, आणि तोही दोन्ही एका वेळी असली तर. तिला होडीतलं 'खोल बी हाय आन उथळ बी हाय' आठवलं. होडी कोळ्यांच्या मापाने चार वाव आत असती तर ताड फाकले असते. चार वाव बाहेर असती तर त्यांनी डोंगर कातरला असता. बाजूला असती तर डोंगर चौकटीतून घसरला असता. एवढ्या मोठ्या समुद्रात तो मापात बसेल अशी जागा एकच, आणि त्या जागेवर बोट ठेवून, चांगला प्रकाश बघून, तिने तिची दरवाजाएवढी जाहिरात करवून घेतली होती.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

चुलीपाशी सरूबाई बांगडे साफ करत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कळलं वाटतं?"

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"अर्धा जलम त्या खडपीची मासली बोरिवलीच्या बाजारात विकली मी. कुठनं येते ते कदी इचारलं नाय. आन तू फोटू काढून आलीस!" सरूबाईला हसू आवरेना. "आता आपल्या आळीतला राजाराम येणार बगायला. तो किती दिसांपासून चकरा मारतोय समुद्रात. त्याला नुसती चुकून सापडायला पायजे."

"चुकून म्हणजे?"

"चुकूनच गो. किनाऱ्याजवळ ज्यानं जाळ्याचे खुंट रोवले त्याचं नाव गावाला पाठ हाय, तिथं जाळं टाकायची कुनाची हिंमत हाय? पन खडपीवर कुनाचं नाव नाय. उद्या राजाराम म्हनाला, मला काय ठावं ही रामाची, मला गावली, तर त्याला कोन काय बोलनार?"

कल्पिताने सरांना फोन केला आणि फोटो मागे घ्यायचा आहे म्हणाली. अर्थात ती असं म्हणाली, की ऐकणाऱ्याला नाही म्हणायला सोपं जावं. सर म्हणाले, "चौकट भिंतीवर चढलीय. उद्या सकाळी उद्घाटन. आता काढली तर मधोमध मोकळी भिंत दिसेल, आणि मी तिथे काय, कॅलेंडर लावू?" कल्पिताने फोन ठेवला आणि आपण प्रयत्न केल्याचं समाधान मिळवलं. तरी रात्री सासऱ्यासमोर जाऊन उभी राहिलीच.

"बाबा, मला कळलं."

"काय कळलं?"

"जे तुम्ही सांगू शकत नाही ते."

रामचंद्राने आधी दार लोटलं, मग खिडकी, मग घराच्या कौलांकडेही एकदा पाहिलं. "मी बगतो काय करायचं ते," तो म्हणाला.

त्याने केलं ते असं. दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधीच तो पांढरा शर्ट घालून बोरिवलीत हजर झाला आणि फोटोकडे पाठ करून, हाताची घडी घालून, मधल्या भिंतीला उभा राहिला. रामचंद्र अंगाने भक्कम. प्रदर्शन बघायला येणाऱ्यांना डावीकडे एका ताडाचा शेंडा दिसे, उजवीकडे दुसऱ्याचा, आणि डोंगराच्या जागी रामचंद्र. लोकांना वाटलं, सुनेचं फार कौतुक दिसतंय यांना. एका बाईने तर "काका, हलू नका, मस्त फ्रेम आहे," म्हणून त्याचाच फोटो काढला.

"काका, जरा बाजूला होता का?" सर अधूनमधून येऊन विचारत.

"पाय वळलाय," रामचंद्र सांगे.

अकराच्या सुमाराला मनोरीहून मंडळी आली. कोळीवाड्यातल्या होडीवाल्यांपैकी कुणी याआधी फोटोंच्या प्रदर्शनाला गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं, पण आज निम्मा धक्का इस्त्रीच्या कपड्यांत लोटला होता. पुढे राजाराम. रामचंद्राच्या वयाचा, त्याच्याच आळीतला, आणि तोंडाने असा गोड की मासळीला मीठ लागू नये.

"रामा! सुनेनं नाव काढलं रे!" राजाराम म्हणाला. "सरक, बगू दे."

"बगितल्यासारखंच हाय. डोंगर हाय."

"डोंगर मी बी बगितलाय. मला झाडं बगायचीत."

"झाडं बगायला इथवर आलास? तुज्या घरामागं नारळ हाय तो बग."

मागून हसू फुटलं. राजाराम डावीकडून डोकावला, रामचंद्र डावीकडे झुकला. राजाराम उजवीकडे गेला, तर उजवीकडे रामचंद्राचा खांदा. एवढ्यात दारातून विकी आला. मढहून बहिणीचं कौतुक करायला, हातात पेढ्यांचा पुडा.

"कुठे आहे माझ्या बहिणीचा फोटो? आयला, सासरेबुवाच लावलेत की भिंतीवर! झकास!" त्याने पेढा कल्पिताच्या तोंडात घातला. "कुठून काढलास गं? समुद्रातूनच ना? कुठल्या बाजूने?"

बोरिवलीकरांना हा साधा प्रश्न वाटला. मनोरीकरांची मात्र प्रत्येकाची मान पेढा खाणाऱ्या कल्पिताकडे वळली. रामचंद्राचीही. सासऱ्याच्या डोळ्यांत ना राग होता ना विनवणी. सून आता माहेरची की सासरची, एवढंच तो बघत होता.

कल्पिताने पेढा गिळला. खोटं सांगावं तर विकी समुद्रातला माणूस, फोटो एकदा नीट बघितला की त्याचा तोच जागेवर पोचेल. आणि रामचंद्राचे पाय असे किती दिवस वळणार? प्रदर्शन चांगलं आठवडाभर होतं. चुकून सापडायला राजारामला एक दुपार पुरे होती. मग तिला सरूबाईचे शब्द आठवले, आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"सर, पेन द्या," ती म्हणाली.

चौकटीखाली एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. त्यावर छापलं होतं, 'आपला डोंगर. छायाचित्र: कल्पिता तांडेल'. कल्पिता सासऱ्याच्या गुडघ्याशी खाली बसली आणि 'आपला डोंगर'वर काट मारून ठसठशीत अक्षरांत वर लिहिलं. मग उठून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

"रामचंद्र तांडेल यांची खडप."

रामचंद्राच्या हाताची घडी सुटली. "पोरी!"

"दादा, तू विचारलंस ना कुठून काढला?" कल्पिता विकीकडे वळली. "आमच्या खडपीवरून. तांडेलांची आहे, पणजेसासऱ्यांच्या वेळेपासून. नीट बघून घे. राजारामकाका, तुम्हीही बघा, अगदी जवळून बघा. म्हणजे उद्या चुकून तिकडे गेलात तर लगेच कळेल, ही कुणाची ती."

पहिल्यांदा हसली ती दारातली सरूबाई. ती बाजारातली टोपली शेजारणीवर सोपवून आली होती. मग एकेक करून धक्का हसायला लागला. राजारामचा चेहरा मात्र सोडावॉटरची बाटली उघडून ठेवल्यासारखा उतरत गेला. आता खडपीवर नाव होतं. सगळ्या होडीवाल्यांच्या देखत, मोठ्या अक्षरांत, वर चित्रासकट. तिथे जाळं टाकणारा उद्या मला काय ठावं म्हणाला, तर लहान पोरंसुद्धा त्याला चोर म्हणाली असती.

"रामा," राजाराम शेवटी म्हणाला, "तुज्या सुनेनं माजी वाट लावली रे."

"मी कुठं तुला सांगितलं हुतं चकरा मार म्हनून?"

विकीने पुडा बंद केला, परत उघडला आणि एक पेढा स्वतःच खाल्ला. "यार कल्पू, तू मढची की मनोरीची?"

"फोटो मनोरीचा. पेढे मढचे चालतील."

रामचंद्र अजून भिंतीला टेकूनच होता. त्याचा हिशोब हळू चालतो, पण चुकत नाही. बापाने सांभाळलं ते लपवून, आपण सांभाळलं ते लपवून, आणि प्रितमच्या हातून ते एक दिवस निसटणारच होतं, एवढं त्याला कधीचं कळून चुकलं होतं. ही पोरगी तेच उघडं करून सांभाळायला निघाली. तो सावकाश बाजूला सरकला.

सकाळपासून पहिल्यांदाच सगळ्यांना फोटो दिसला. दोन ताड, मधे ऊन घेतलेला डोंगर, खाली शांत पाणी. बोरिवलीच्या लोकांनी 'वा' म्हटलं. मनोरीचे लोक डोळे बारीक करून किनारा वाचत होते.

रामचंद्राने स्वतः वळून बघितलं. बराच वेळ. मग शेजारी उभ्या असलेल्या, कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या त्या बाईला म्हणाला, "तुमी जरा मागं उभ्या राहा. आनखी. हां. आता बगा, डोंगर बराबर मावतो का नाय?"

"हो की!"

"आता एक पाऊल पुढं. बगा, काय फरक पडला?"

"काहीच नाही, काका. फोटो आहे तो."

"तेच तर!" रामचंद्र म्हणाला, जणू हा मोठा शोध लागला होता. "समुद्रात पडतो. तिथं चार वाव हललात का गेली खडप. प्रितम, इकडं ये. तू बी शिक. अरे, आधी झाड नाय, आधी डोंगर नाय. दोन्ही एकदम! हिला इचार कसं बगायचं ते."

जन्मभर ज्याच्या तोंडून खडपीचं नाव कुणी ऐकलं नव्हतं, तो माणूस दुपारी दोनपर्यंत येईल त्याला भिंतीसमोर उभा करून समजावत होता. सर जेवायला बोलावून गेले, प्रितम दोनदा बोलावून गेला. सरूबाई कल्पिताच्या शेजारी खुर्चीवर टेकली आणि पाय लांब करून म्हणाली, "बोलता केलास ना? आता घरी तूच ऐक."